शून्य नंबरचं घड्याळ

९ जानेवारी

धाकट्या,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. लिहायला घेतला आणि खोडला. तो मिळाला असं समज आणि पुढे वाच.

फोन तू उचलत नाहीस. तुझी बायको उचलते आणि म्हणते, "ते आंघोळीला गेलेत." सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, रविवारी संध्याकाळीसुद्धा आंघोळ. इतका स्वच्छ माणूस आपल्या घरात आजवर झाला नाही. म्हणून हे पत्र. खुशाली विचारायला नाही, कामाचं आहे.

कारखाना विकला गेला हे तुझ्या कानावर आलं असेल. नव्या मालकांनी 'निवांत' नव्याने काढायचं ठरवलंय. बाबांनी आखलेली ही घड्याळं इतकी वर्षं तशीच्या तशी निघतायत. श्रीमंत घरांतून ती बापाच्या मनगटावरून मुलाच्या मनगटावर चढतात, पण नवं गिऱ्हाईक येत नाही. आलंच तर घड्याळ हातात घेतं, चावी देऊन बघतं आणि मुकाट्याने खाली ठेवतं. कारण चावी देताना घड्याळ दात खातं. कर्र, कर्र, कर्र. एवढं भारी घड्याळ आणि आवाज गंजलेल्या बिजागरीचा. चावी उलटी सुटू नये म्हणून आत एक खटका असतो, नखाएवढासुद्धा नाही. तो ओरडतो.

रूप आणि दर्जा, दोन्ही सुधारायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. रूपाचं मी बघून घेईन. माझं घोडं अडलंय ते खटक्यापाशी. पहिल्या घड्याळात, म्हणजे शून्य नंबरच्या, बाबांनी तो स्वतः कानशीने घासून बसवला होता. आपल्या कारखान्यात आधी घडवायचं आणि मग कागदावर उतरवायचं, ही रीत. कागदावर उतरवताना तेव्हाच्या साहेबांनी तो साच्यात पटापट ठोकता येईल असा सोपा करून घेतला. विकलं गेलेलं प्रत्येक 'निवांत' त्या सोप्या खटक्याचं आहे. खरा खटका एकाच घड्याळात आहे, आणि ते तुझ्याकडे आहे.

मी शाळेत असताना बाबांनी एकदा ते माझ्या हातात ठेवलं होतं. "डोळे मिट आणि चावी दे," म्हणाले. दिली. आवाज नाहीच. दुधावरची साय बोटाने सरकवावी तसं काहीतरी बोटांखालून गेलं. बोटांना ते अजून आठवतं, पण नुसत्या आठवणीवरून धातू घासता येत नाही.

एप्रिलमध्ये मालकांची बैठक आहे. तोवर चावी सुधारून दाखवली नाही तर घड्याळाच्या आतलं मशीन बाहेरून विकत घेणार. बाहेरून मशीन आलं की आपली जुळणीची खोली बंद. त्या खोलीतल्या लोकांनी तुला मांडीवर खेळवलंय, हे तरी आठवत असेल अशी आशा आहे. घड्याळ थोड्या दिवसांसाठी पाठव. उघडते, मोजते, परत करते. तुझं आहे ते तुझंच राहील.

तुझी ताई


३१ जानेवारी

धाकट्या,

तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस. बस. मी लिहीत राहणार.

काचेचं काम झालं. जुनी काच वर्षभरात ओरखड्यांनी आंधळी व्हायची. नवीवर मी स्वतः घराची किल्ली खरवडून बघितली, रेघसुद्धा उठली नाही. काट्यांच्या कडा आता दोन्ही बाजूंनी तासल्यात, त्यामुळे मंद उजेडातही वेळ दिसते. पट्ट्याच्या कड्या सैल पडायच्या, तिथे पिना काढून स्क्रू घातले. बाहेरची डबी एका केसाने पातळ केली, म्हणजे शर्टाच्या बाहीखाली अडकत नाही. तबकडीच्या पांढऱ्या रंगाला मात्र मी कोणाला हात लावू दिला नाही. तो पांढरा बाबांनी किती डबे ओतून टाकून मिळवला होता, ते मी बघितलंय.

मालकांनी एक सल्लागार आणून बसवलाय. त्याच्या शर्टाला बसल्या-उठल्यावरही चुणी पडत नाही, म्हणून खोलीत सगळे त्याला इस्त्री म्हणतात. इस्त्रीचं म्हणणं, तबकडी काळी करा, डबी मोठी करा, मागे काच लावा म्हणजे आतलं मशीन दिसेल. मी विचारलं, "आणि चावीचं काय?" तर म्हणतो कसा, "मॅडम, आजकाल चावी कोण देतं?" माझ्या शेजारच्या टेबलावर भिंग बसते. तीच ती, चहा पितानाही डोळ्यावरचं भिंग न काढणारी. ती मान वर न करता म्हणाली, "ज्यांना हात आहेत ते देतात." खोली हसली. इस्त्रीही हसला, आणि संध्याकाळी मालकांकडे जाऊन काय सांगायचं ते सांगून आला.

आता तुझ्या मनातलं बोलते, कारण तू बोलणार नाहीस. नव्या मालिकेचा शून्य नंबर विकायचा नाही, तो आखणाऱ्याचा. त्याने हवा त्याला द्यावा, अशी आपल्याकडची पद्धत. तू दूरच्या नोकरीवर निघालास तेव्हा बाबांनी मखमली खोक्यातून काढून, पाहुण्यांदेखत, तो तुझ्या मनगटाला बांधला. कारखान्यात एक दिवसही काम न केलेल्या मुलाच्या. ज्याच्या हातातलं प्रत्येक घड्याळ बंद पडलेलं असायचं, कारण चावी द्यायला साहेब विसरायचे. त्याच आठवड्यात मी तपासणीची प्रमुख झाले होते. मला काय मिळालं? नोकरी जुनी झाली की पहारेकऱ्यापासून सगळ्यांना देतात ते स्टीलचं घड्याळ. खोकंही नाही, रुमालात गुंडाळलेलं. आणि वर काय म्हणाले? "रोज चावी देत जा." जिच्या हाताखालून दिवसभर घड्याळं जातात तिला! पोरीला दात घासायची आठवण करून द्यावी तसं. मी ते कपाटाच्या खालच्या खणात फेकलं, ते आजतागायत तिथेच आहे. एकदाही चावी दिली नाही आणि देणारही नाही.

बाबा गेले तेव्हा मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, "घड्याळ ठेव आणि मग जा." त्याचा तुला राग आहे. असू दे. माझा राग तुझ्यापेक्षा जुना आहे.

घड्याळ पाठव.

ताई


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

काल तुझ्या बायकोचा फोन आला. गोड बोलते बिचारी. म्हणाली, "ताई, घड्याळाची अजिबात काळजी करू नका. अगदी छान चालतंय. गेल्याच महिन्यात ह्यांनी सेल बदलून आणला."

सेल.

मी म्हटलं, "कसला सेल?"

"घड्याळाचा. दर दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो ना."

खुर्चीत बसले होते म्हणून बरं. अरे, 'निवांत'मध्ये सेल नसतो! चावीचं घड्याळ आहे ते. तुझ्या बापाचा सगळा जन्म त्या चावीत गेला, आणि तुला एवढंही माहीत नाही? म्हणजे कुठल्यातरी नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने तुझ्या डोळ्यांदेखत बाबांचं मशीन उचकटून घेतलं, आत दीडदमडीचं सेलवालं मशीन कोंबलं, आणि तू त्याला हसून धन्यवाद देऊन आलास. की विकलंस? विकलं असशील तर सरळ सांग. कोणाला ते सांग, मी त्याचे पाय धरायला जाईन. तुझ्याशी भांडायलासुद्धा थांबणार नाही.

ताई


१२ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांनी एक पान. अक्षर अजून तसंच आहे, उतरणीला लागलेलं.

तू लिहितोस, "ताई, मला घड्याळातलं काही कळत नाही, हे तूच मला लहानपणापासून सांगत आलीस. बाबांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, बंद पडलं की सेल बदलून घे, कोणाला दाखवत बसू नकोस. मी तेवढं केलं. मला वाटलं 'निवांत' सगळी तशीच असतात." आणि खाली, "मला त्यांनी टेबलाशी उभंसुद्धा राहू दिलं नाही कधी. तुला डोळे मिटून चावी द्यायला लावली, हे मला तुझ्या पत्रातून कळलं."

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

बाकीच्यावर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. बाबांनी आपल्या हाताने आपल्याच घड्याळाचं पोट रिकामं केलं? सेलचं नाव काढलं तरी ताटावरून उठणाऱ्या माणसाने? गेलेल्या माणसाच्या माथी मारलं की तो काही उठून जाब द्यायला येत नाही, हे तुला बरोबर कळतं. घड्याळातलं तेवढं कळत नाही.

आहे तसं पाठव, सेलसकट. जो कोणी घड्याळ उघडतो तो मागच्या झाकणाच्या आतल्या अंगाला सुईने आपली खूण आणि तारीख कोरतो. अडाण्यातला अडाणी दुरुस्तीवालाही कोरतो. खूण मिळाली की माणूस मिळेल.

इकडे मी आठवणीवरून खटके घासतेय. डोळे मिटते, चावी देते, फेकते. कर्र कमी झालंय, साय येत नाही. भिंग म्हणाली, "अगं, चांगलंय हे." मी तिच्यावर खेकसले. चांगलं आहे हे मलाही कळतं. मला ते नको आहे.

ताई


२६ एप्रिल

धाकट्या,

बैठक झाली. तुझं पार्सल आलं नाही. टपालात आहे म्हणे. असेल.

माझी काच पास झाली. काटे पास, पट्टा पास, पातळ डबी पास. तबकडी पांढरीच राहणार, त्यासाठी माझं भरल्या सभेत कौतुक झालं, टाळ्यासुद्धा वाजल्या. मग माझा घासलेला खटका बसवलेलं घड्याळ हातोहात फिरलं. थोरल्या मालकांनी चावी दिली, शेजारच्याला दिलं, त्याने दिली. कोणी वाईट बोललं नाही. इस्त्रीने खिशातून दुसरं घड्याळ काढलं, बाहेरच्या मशीनचं. त्याची चावी गुळगुळीत फिरते. कशासारखी म्हणशील तर कशासारखीच नाही, पण फिरते. थोरले मालक मला म्हणाले, "मॅडम, तुमचं रूप घेतो, आतलं ह्यांचं घेतो. दोन्हीकडचं उत्तम." करार ठरला. जुळणीची खोली सप्टेंबरअखेर बंद.

खोलीत जाऊन सांगायचं कामही माझ्याकडेच. सांगितलं. एकाने विचारलं, "टेबलं घरी नेता येतील का?" भिंगने तिच्या पुढ्यातलं घड्याळ पूर्ण केलं, झाकण लावलं, मग उठून बाहेर गेली. तिच्या नवऱ्याचं काम केव्हाच सुटलंय, घर तिच्या एकटीच्या हातावर चालतं, हे तुला कशाला माहीत असेल.

माझी नोकरी शाबूत आहे. रूप बघणारी बाई त्यांना लागते.

त्या खोलीला दोन माणसांनी बुडवलं. एक इस्त्री. दुसऱ्याचं नाव मी पाकिटावर लिहितेच आहे.

ताई


१४ मे

पार्सल आलं.

दुरूनच कळलं. सेकंदाचा काटा सेलवाल्या घड्याळासारखा उड्या मारत चालला होता. झाकण उघडलं. आतल्या अंगाला सेल बदलणाऱ्यांच्या खुणा, एकीखाली एक. तुझ्या गावातले दुरुस्तीवाले नीटनेटके दिसतात. सगळ्यांच्या वर, सगळ्यांत जुनी खूण: त्रिकोण आणि त्यात टिंब.

ती खूण मी अक्षर ओळखायच्या आधी ओळखायला शिकले. बाबांची आहे. तारीख तू निघालास त्या आठवड्यातली. सेलचं मशीन त्या डबीत बसावं म्हणून भोवती पितळेचं कडं घासून घातलंय, आणि असं कडं दुसरा कोणी घासू शकत नाही.

तू खरं बोलत होतास.

त्यांनी आपल्या हाताने काढलं तर ठेवलं कुठे? एवढं मशीन कोणी फेकत नाही. ते तर नाहीच नाही. त्याच आठवड्यात त्यांनी

पत्र इथेच थांबवते.


३० सप्टेंबर

धाकट्या,

मध्ये लिहिलं नाही. लिहायला तोंड नव्हतं. आज खोली बंद झाली, आता लिहिते.

त्या दिवशी पत्र अर्धवट टाकून मी कपाटापाशी गेले. खालच्या खणात, जुन्या पडद्यांच्या मागे, रुमाल तसाच होता. रुमालावर बाबांच्या कपाटाचा वास नव्हता, माझ्या कपाटाचा होता. पहारेकऱ्याचं स्टीलचं घड्याळ. मी जमिनीवर बसले, डोळे मिटले आणि चावी दिली.

साय.

तेल कधीच वाळून गेलेलं, तरी साय. माझ्या बोटांनी एका क्षणात ओळखलं. आपल्याकडे स्वतःचं घड्याळ स्वतः उघडत नाहीत, ते शेजारच्या टेबलावर देतात. आपल्या घड्याळाचे दोष आपल्याला दिसत नाहीत म्हणून. मी ती पद्धत मोडली. कोणाला देणार होते आणि काय सांगणार होते? उघडलं. मशीनच्या पट्टीवर शून्य कोरलेलं. झाकणावर त्रिकोण आणि टिंब, तीच तारीख.

तुला डबी दिली, मला मशीन दिलं. तू चावी द्यायला विसरणार, घड्याळ बंद पडणार आणि तुला ओशाळं वाटणार, म्हणून तुला, विसरलास तरी चालत राहील असं काहीतरी दिलं. आणि मी रोज चावी देणार, पहिल्याच दिवशी मला बोटांनी कळणार, म्हणून मला सांगितलं नाही. सांगायची गरजच नाही असं वाटलं त्यांना. माझी परीक्षा घेतली की काय! एक वाक्य, बाबा, एक वाक्य बोलायला काय झालं होतं? केसाच्या जाडीचा फरक दिसायचा त्यांना, आणि मुलगी रुसलीय हे दिसलं नाही? मला त्यांचा इतका राग आला की मी रुमाल दातांनी फाडला. मग फाटलेला रुमाल धरून रडले. रोज चावी देत जा म्हणाले होते. एकदा दिली असती, एकदाच, तर ही खोली आज चालू असती.

मशीन साफ केलं, तेल घातलं आणि तुझ्या डबीत बसवलं. घेऊन गेले थोरल्या मालकांकडे. त्यांनी चावी दिली आणि चेहराच बदलला माणसाचा. इस्त्रीला बोलावलं, त्यानेही दिली, आणि पुन्हा एकदा दिली. थोरले म्हणाले, "मॅडम, हे एप्रिलच्या बैठकीला का नाही आणलंत? आता सह्या झाल्या." मी म्हटलं, "भाऊ पाठवत नव्हता."

हे सहज तोंडातून गेलं. पुढचं ऐक.

आज शेवटच्या दिवशी मी ते घड्याळ खोलीत नेलं. एकेकाने डोळे मिटून चावी दिली. कोणी हसलं, कोणी नुसतं "हां" म्हणालं. सगळ्यांत शेवटी भिंग. तिने डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं, मी पहिल्यांदाच तिचा तो डोळा नीट बघितला. चावी दिली आणि बराच वेळ घड्याळ मुठीत धरून बसली. मग म्हणाली, "हे इतकी वर्षं कुठे गं पडलं होतं?"

मी म्हटलं, "भावाकडे."

"मेल्याने वेळेवर पाठवलं असतं तर," भिंग म्हणाली. मग सगळी खोली तुटून पडली तुझ्यावर. कोणी म्हणालं, नालायक. कोणी म्हणालं, बापाच्या जिवावर मजा मारली आणि आमच्या पोटावर पाय दिला. टेबलं उचलून नेतानाही तुझाच उद्धार चालला होता. मी थांबवलं नाही. मान हलवत उभी होते.

नव्या 'निवांत'चा शून्य नंबर पद्धतीप्रमाणे मला मिळाला, कारण रूप माझं. बाहेरच्या मशीनचा. मी तो कपाटाच्या खालच्या खणात टाकलाय, जागा रिकामीच होती.

तुझं घड्याळ सोबत परत पाठवतेय. बाबांनी केलं होतं तसंच पुन्हा वेगळं केलं. तुझ्यात सेल, माझ्यात मशीन. सेल नवा आहे. झाकणाच्या आत त्यांच्या खुणेखाली माझी खूण आहे, पुढचा दुरुस्तीवाला विचारेल, कोणाची म्हणून. बहिणीची म्हण.

खरं काय ते आता आपल्या दोघांनाच माहीत. ह्या गावात तू कधी आलास तर ते लोक तुला ओळखतील, आणि तोंडावर बोलतील. तेव्हा गप्प राहा. भिंगला माझ्याबद्दल काही सांगू नकोस, मला तिच्या दारावरून रोज जावं लागतं. तिचं घर माझ्या रस्त्यावर आहे.

तुझ्याकडे आजवर मी एक घड्याळ मागितलं, ते तुझ्याकडे नव्हतंच. आता हे गप्प राहणं मागते. हे तुझ्याकडे आहे.

ताई